चिपचा आवाज

गुरुबसप्पांची व्हॅन गॅरेजच्या आवारात वळली तेव्हा ब्रेक किंचाळला. रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्यानं मान वर करून बघितलं. यासेरच्या दातांतून शिरशिरी गेली. अब्बा मात्र व्हॅनकडे पाठ करून स्टुलावर बसले होते, ते वळलेसुद्धा नाहीत.

गुरुबसप्पांनी येऊन खांद्याला हात लावला तेव्हा ते उठले. "या या. कधी आलात?"

यासेर हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. बारा वर्षं तो अब्बांच्या बरोबर हे गॅरेज चालवत होता. गाडी फाटकातून आत येता येता अब्बा सांगायचे, तिसरा इंजेक्टर गेलाय, उघडून बघ. आणि उघडलं की तसंच निघायचं. लातुरात माणसं नवी-जुनी कुठलीही गाडी घ्यायच्या आधी महेबूब मिस्त्रींच्या कानाखालून घालून नेत. त्र्याण्णवच्या भूकंपात ह्याच कानानं ढिगाऱ्याखालची चार माणसं शोधली होती. तिकडं जवानसुद्धा मिस्त्री दगडाला कान लावून बसले की हातानं सगळ्यांना गप्प करायचे. त्या चौघांतली रत्नम्मा अजून दर दसऱ्याला पुरणाच्या होळग्या घेऊन यायची.

अब्बांनी बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले. "रेस कर."

यासेरनं रेस केली.

"खणखणीत. जाऊ द्या."

"मिस्त्री, ती चिप लावल्यापासून काय सांगू तुम्हाला," गुरुबसप्पा म्हणाले. क्लासला आलेल्या मुलींचं त्यांचं वसतिगृह होतं, आणि ही व्हॅन त्या मुलींना ने-आण करायची. "उदगीरकडच्या चढाला तिसऱ्या गिअरात आणावी लागायची. आता चौथ्यातच चढून राहिली."

"चढणारच. आवाज खाली उतरलाय की. लई खोल गेलाय. चिप नसलेल्या गाडीला हा आवाज न्हाई."

यासेरनं कान देऊन ऐकलं. व्हॅन गेल्या वर्षी वाजत होती तशीच वाजत होती.

"ब्रेक बघू का जरा?" तो हळूच म्हणाला.

"आता कुठं? पोरींना घेऊन तुळजापूरला निघालोय. बारा जणी गाडीची वाट बघून राहिल्यात. आणि मिस्त्रींनी सोडली की गाडी."

यासेरनं अब्बांकडे बघितलं. अब्बा हात पुसत होते. अब्बांनी सोडलेली गाडी पुन्हा अडवायची, ती पण गिऱ्हाइकासमोर, हे त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. फाटकातून बाहेर पडताना व्हॅन पुन्हा एकदा किंचाळली आणि औशाच्या दिशेनं गेली.

*

त्याच दिवशी, रविवारी, वकार नांदेडहून आला होता तो एका व्हिडिओसाठी. थोरला असूनही गॅरेजच्या कामात तो कधीच रमला नाही. लहानपणी अब्बा दोघा भावांना चालू इंजिनापुढं उभं करून विचारायचे, काय ऐकू येतंय? यासेर काहीतरी सांगायचा. वकारला नुसती घरघर ऐकू यायची. पुढं तो नांदेडला गेला. मोबाईलची कव्हरं, सीटची कव्हरं, आरशाला लटकवायच्या माळा, असं काय काय ऑनलाइन विकत राहिला. अब्बांनी त्यातलं काही हातात घेऊन बघितलं नव्हतं.

चिप मात्र घेतली. काड्यापेटीएवढी हिरवी डबी. स्टिअरिंगच्या खाली स्कॅनर लावायचं पोर्ट असतं, त्यात खुपसायची. तीन दिवे लुकलुकायला लागतात. बरोबरच्या कागदावर लिहिलेलं की दोनशे किलोमीटरात ही चिप ड्रायव्हरची सवय शिकते आणि मग इंजिनाची ताकद वाढवते. वकार डब्या मागवायचा, वर 'शेर पॉवर' असं आपलं लेबल चिकटवायचा आणि विकायचा. ईद झाल्यावर त्यानं अब्बांच्या पांढऱ्या गाडीला एक सहज लावली. अब्बा गाडीत बसले, पाच मिनिटं डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "हाव. ह्याचा आवाज हाय. काम करून राहिली ही."

घरी परत जाताना वकारला लोह्याजवळ गाडी थांबवून तोंडावर पाणी मारावं लागलं होतं. त्याच्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात अब्बांनी पहिल्यांदा त्याच्या कशाला तरी होकार दिला होता.

आता त्यानं डॅशबोर्डवर मोबाईल लावला. अब्बा चालवायला बसले, वकार शेजारी. मागं वकारची मुलगी इकरा बसली, मांडीवर दप्तर घेऊन. बारावी झाल्यावर ती डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लाससाठी आजी-आजोबांकडं राहायला आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती बसली.

रिंग रोडला लागल्यावर अब्बांनी गाडी एका लयीत धरली. "आता ऐका," ते कॅमेऱ्याला म्हणाले. "हा बघा. खालून येतो. पोटातून आल्यासारखा. तुमच्या पायाला बी लागतो. साधं इंजिन वर वाजतं, हे खाली वाजून राहिलं."

वकारनं मान हलवली. त्याला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं, पण ते नवीन नव्हतं.

"दादाअब्बा," मागून इकरा म्हणाली, "नक्की चिपचाच आवाज हाय ना हा?"

"मग कशाचा?" अब्बा एकदम मोठ्यानं म्हणाले. "दुसरा कशाचा असणार?"

आवारात परत आल्यावर वकारनं चावी फिरवून गाडी बंद केली आणि चावी काढून घेतली. "झ्याक झालं, अब्बा. लातूरचा कान म्हणून टाकतो हे."

इकरा खाली उतरली. तिनं दप्तरातून पेन्सिलींचा डबा काढला, उघडला आणि आतली हिरवी डबी बॉनेटवर ठेवली.

"पप्पा, ही सकाळपासून माझ्याकडंच हाय."

वकार आधी हसला. मग वाकून स्टिअरिंगखाली हात घातला. पोर्ट रिकामं होतं.

"तू हे कशाला..."

"चार दिवसांपासून करून राहिले. एक दिवस लावते, एक दिवस काढते. दादाअब्बांना दोन्ही दिवशी आवाज येतो."

"यासेर, तू शिकवलंस हे तिला."

यासेरनं खिशातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला, डबीचे दोन स्क्रू सोडवले आणि झाकण उघडून भावापुढं धरलं. आत नखाएवढी सर्किटची पट्टी, तीन दिवे, एक बटण. पोर्टात जाणाऱ्या सोळा पिनांपैकी दोनच कुठंतरी जोडलेल्या होत्या.

"ह्या दोन करंटच्या," यासेर म्हणाला. "बाकी ज्या पिनांवरून गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं, त्या कशालाच जोडल्या न्हाईत. दिवे लागतात, भाईजान. तेवढंच."

"कधीपासून माहीत हाय तुला?"

"तू पहिली आणलीस तेव्हापासून शंका होती. पण अब्बांनी म्हटलं होतं, आवाज येतो. मग मी कोण?"

वकारच्या मानेवर घाम आला होता. शेकडो माणसांनी त्याला लिहिलं होतं, गाडी हलकी झाली, चढाला ओढते, ॲव्हरेज वाढलं. "ह्या एकात खराब पट्टी आली असेल. अब्बा, तुम्हीच सांगा ह्यांना."

अब्बा अजून गाडीतच बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान किंचित तिरपी. दार उघडं होतं.

"भांडून का राहिलात?" ते शांतपणे म्हणाले. "ऐका की जरा. येऊन राहिलाय ना आवाज. किती खोल."

वकारनं मूठ उघडली. गाडीची चावी तिच्यात होती.

*

सुलतानबी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गॅरेजच्या मागच्याच दोन खोल्यांत त्यांचं घर होतं, आणि आवारातलं सगळं तिथं ऐकू यायचं. ती चालत आली आणि नवऱ्याच्या शेजारी, गाडीच्या उघड्या दारात उभी राहिली.

"गाडी बंद हाय," ती म्हणाली.

महेबूबनी तिच्या तोंडाकडं बघितलं. अलीकडं ते सगळ्यांच्या तोंडाकडंच बघून बोलायचे. तिला हे कळत होतं. कुकरची शिट्टी, फोनची रिंग, दाराची बेल, ह्यातलं काही आता त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. फोन वाजला की तीच म्हणायची, 'उचला की, किती वेळ वाजवू देता', आणि ते रागावल्यासारखं करून उचलायचे. वय झालं, एवढंच तिनं धरलं होतं. मुलांना सांगितलं नव्हतं. ह्या माणसाचा कान गेला असं बाहेर पडलं की त्याच्यापाशी दुसरं काय उरत होतं?

पण बंद गाडीतही त्यांना आवाज येतो, हे तिला माहीत नव्हतं.

"कधीपासून आवाज येतो?"

"कशाचा?"

"हाच. आत्ता येतोय तो."

त्यांनी यासेरच्या हातातली उघडी डबी बघितली. मग एकदम म्हातारे दिसले.

"शब-ए-बरातच्या आसपास लागला. रोजे बी सुरू झाले नव्हते," ते म्हणाले.

"चिप तर ईदनंतर लावली," इकरा म्हणाली.

"हाव."

सुलतानबीला मग सगळं आठवलं. तेव्हापासूनच ते बाज दाराशी टाकून झोपत होते. उकडतं म्हणून, असं सांगायचे. कडी लावू देत नव्हते. चपला बाजेखाली, तोंड बाहेरच्या बाजूला करून. एकदा पहाटे तिला जाग आली तर ते फरशीवर कान टेकवून आडवे झाले होते. नमाजाची वेळ झाली का, असं तिनं विचारलं, तर झाली म्हणाले आणि उठले. तेव्हा वेळ झालेली नव्हती.

"मला जमीन वाटली," महेबूब म्हणाले. "अगदी तसाच आवाज. मी त्र्याण्णवला पाच दिवस दगडाला कान लावून काढलेत, मला कुणी शिकवायची गरज न्हाई. खालून, लांबून, जसा मोठा ट्रक चढाला लागलाय पण वर येतच न्हाई. त्या साली बी तिकडची माणसं वर्षभर सांगून राहिली होती, खालून आवाज येतो. आपण इथं बसून हसलो. मी बी हसलो."

"मग आम्हाला बोलायचं होतं, अब्बा," यासेर म्हणाला.

"काय बोलू? मी बोललो असतो तर लोकांनी ऐकलं असतं. महेबूब म्हणतो म्हणून. हजारो पोरं हायत इथं परगावची. चार-चार मजल्यांत, एका खोलीत चार-चार. सगळी रस्त्यावर आली असती. धावाधाव, चेंगराचेंगरी. आणि न्हाई बोललो आणि खरंच..." ते थांबले. "रोज उठलो की आधी बघायचो, सगळं जागेवर हाय ना. मग आमचा वकार आला. ही डबी लावली. मी गाडीत बसलो, आवाज होताच. आणि कागदावर लिहिलेलं, इंजिनाचा आवाज बदलेल. मी म्हटलं, बस्स. ह्याचाच हाय. आधीचा विसरून जायचं ठरवलं मी. यंत्राचा आवाज असला तर बरं, बेटा. यंत्र बंद करता येतं."

वकार बॉनेटला टेकला होता. तो अब्बांकडं बघू शकत नव्हता. अब्बांनी त्याच्या मालाला होकार दिला नव्हता. ते बुडत होते आणि त्यांच्या हाताला हीच डबी लागली होती.

इकरा आजोबांच्या जवळ गेली. "दादाअब्बा, त्या तारेवर चिमण्या हायत. ओरडून राहिल्यात. ऐकू येतात?"

त्यांनी वर बघितलं. चिमण्या दिसल्या. "गप्प हायत की."

चिमण्यांचा नुसता कल्ला चालला होता.

सकाळी व्हॅनचं किंचाळणं अब्बांनी ऐकून सोडून दिलं, असं यासेरनं मनाशी धरलं होतं.

"अब्बा, सकाळी गुरुबसप्पाची व्हॅन आली. ब्रेक ऐकला का तुम्ही?"

"कोणता ब्रेक?"

"येताना बी किंचाळला आणि जाताना बी."

महेबूब गाडीतून खाली उतरले. उतरताना दाराला धरावं लागलं. "आणि तू गप्प बसलास?"

"तुम्ही सोडली होती."

"माझं राहू दे! पोरी कितीजणी हायत आत?"

"बारा."

यासेरनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा एका मुलीनं उचलला. मागं बाकीच्या गाणं म्हणत होत्या. "अंकल गाडी चालवून राहिलेत," ती म्हणाली.

"कुठं हायत तुम्ही?"

"औसा गेलं आत्ताच."

"त्यांना फोन दे. कानाला धर त्यांच्या."

यासेरनं ब्रेकचं सांगितलं तर गुरुबसप्पा हसले. "अरे, लांब हाय अजून तुळजापूर. परत आल्यावर बघू की. मिस्त्रींनी स्वतः पास केलीय."

यासेर बोलत राहिला, ते ऐकेनात. तेव्हा महेबूबनी हात पुढं केला आणि फोन घेतला. पलीकडचं त्यांना किती ऐकू आलं कुणास ठाऊक. ते मोठ्यानं बोलले, पलीकडच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"गुरुबसप्पा, मी महेबूब. मला ऐकू येत न्हाई. मी बहिरा झालोय. गाडी पास न्हाई. आहे तिथं थांबव."

फोन त्यांनी यासेरकडं दिला. पलीकडं गाणं थांबलं होतं. मग यासेरला इंडिकेटरची टकटक ऐकू आली, आणि तो लांब, धातूवर धातू घासल्याचा आवाज.

*

दोघे भाऊ पांढऱ्या गाडीतून गेले. औशाच्या पुढं चार-पाच किलोमीटरवर व्हॅन चिंचेखाली उभी होती. मुली खाली बसून चिवडा खात होत्या. यासेरनं पुढचं उजवं चाक काढलं. ब्रेकचा पॅड संपून नुसती पत्र्याची पाठ डिस्कवर घासत होती, डिस्कवर बोट अडकेल अशा चऱ्या पडल्या होत्या. गुरुबसप्पा वाकून बघत राहिले. तुळजापूरचा घाट लागायला अजून तासभर होता. त्यांनी एकदा मुलींकडं बघितलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन एकटेच उभे राहिले.

यासेर नवे पॅड बसवत होता तोवर वकारनं व्हॅनमध्ये हात घालून हिरवी डबी उपटली.

"ती कशाला काढून राहिलात?" गुरुबसप्पा मागून म्हणाले.

"आत काही न्हाई हिच्या. अशीच एक उघडून बघितली. नुसते दिवे."

"असू द्या. राहू द्या ती."

"अहो, खोटी हाय. माझाच माल हाय, मीच सांगतोय."

"ते ऐकलं मी." गुरुबसप्पांचा चेहरा अजून पांढरा होता. "पण चढाला ओढते ना. लावा परत."

वकारनं ती लावली नाही. पण मुलींना गाडीत चढवताना गुरुबसप्पा त्या रिकाम्या पोर्टाकडं ज्या नजरेनं बघत होते, ती त्याला पुढं कितीतरी दिवस दिसत राहिली. व्हिडिओ त्यानं टाकला नाही. विक्री बंद केली, तसं लिहूनही टाकलं. तरी नांदेडला त्याचा फोन वाजायचा. मुखेडचा कुणी, उमरीचा कुणी. चिप काढली तर गाडी ओढत नाही, दुसरी मिळेल का, असं विचारायचे. तो सांगायचा की ती आधीही ओढत नव्हती. पलीकडची माणसं ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच विचारायची.

रमजानपासून अब्बांनी सोडलेल्या सगळ्या गाड्या त्या आठवड्यात यासेरनं परत बोलावल्या. महेबूब फाटकाशी स्टूल टाकून बसले आणि आलेल्या प्रत्येकाला स्वतः सांगत राहिले, मला ऐकू येत न्हाई, यासेरला दाखवा. काही जण हसले, मिस्त्री थट्टा करून राहिले म्हणून. दोन गाड्यांचे पट्टे तुटायला आलेले निघाले. एकीत काही नव्हतं, पण तिचा मालक महेबूबकडं पुन्हा पुन्हा वळून बघत गेला.

कानाच्या डॉक्टरनं त्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं. बारीक आवाज जवळजवळ सगळे गेलेत, म्हणाला. चाळीस वर्षं हातोडी आणि सायलेन्सरजवळ डोकं. नस कमजोर झाली की कान स्वतःच आवाज तयार करतो, कुणाला शिट्टी येते, कुणाला घरघर. जमिनीत काही नाही, आजोबा. इकरानं ते तीन वेळा, तोंड समोर धरून, समजावून सांगितलं. महेबूबनी मान हलवली.

पंधरा दिवसांनी यंत्र आलं. इकरानंच ते कानामागं बसवलं, बटण लावलं आणि क्लासला गेली.

सुलतानबी तांदूळ निवडत बसली होती. ताटातल्या तांदळाच्या आवाजानं ते दचकले. मग पंख्याकडं बघितलं, मग नळाकडं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली तर त्यांनी हात वर केला, जसं लहान मूल दाखवतं. तिला हसू आलं.

मग ते एकदम थांबले. मान तिरपी केली. बराच वेळ तशीच धरली.

"काय झालं?"

"ते थांबलं," ते म्हणाले. "खालचं. एकदम बंद."

"अल्लाचे उपकार. बरं झालं की."

"हाव."

ते खाली फरशीकडं बघत राहिले. तिला वाटलं आता हसतील, पण त्यांच्या चेहऱ्यावर तिनं ह्या चार महिन्यांत न पाहिलेली भीती होती.

"सुलतान," ते म्हणाले, "चार महिने मी रोज ऐकून राहिलो होतो. वाढला की कळलं असतं. आता खरंच आला, तर मला कळणार कसं?"

तिनं ताट बाजूला सारलं, हात पदराला पुसला आणि तळवा सपाट करून फरशीवर ठेवला. फरशी गार होती. तिनं हात काढला नाही.